उसना फेटा

तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली, पण मी कधी कुणाच्या नजरेत भरलो नाही. त्यामुळे नातीनं टोरांटोहून फोन करून सांगितलं की ती माझ्यावर सिनेमा काढतेय, तेव्हा मी आधी न्हाव्याकडं गेलो आणि मग बायकोला बातमी सांगितली.

नात म्हणजे आमच्या नागेशची पोरगी, धम्मशीला. जन्म तिकडचाच, वय एकोणीस, कॉलेजात सिनेमाचं शिकते. विषय तिचा स्वतःचाच होता. आईबाप एका देशाचे, आपण वाढलो दुसऱ्यात, मग आपण नेमके कुठले? त्यासाठी ती आमच्या गावी, पिंगळीला येणार होती. जसे आहात तसेच राहा, असं तिनं बजावलं होतं. एवढं एकच मी मनावर घेतलं नाही.

मला धास्ती वेगळीच होती. पोरीला इथलं काही भावलं नाही तर ती पुन्हा यायची नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत लुंगी लावून बसलेला म्हातारा बघून कुणाला गाव आपलं वाटेल? म्हणून शेजारच्या दत्तरावांकडून त्यांच्या पोराच्या लग्नातला केशरी फेटा आणला, धोतर आणलं आणि गोठ्यातली बैलगाडीही मागितली. बैल त्यांनी कधीच विकले होते. मग जू दगडावर टेकवलं आणि हातात चाबूक घेऊन मी नुसत्या गाडीवर बसलो. कुसुमबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

ती आल्यावर कॅमेऱ्यापुढे मी रेडिओवरच्या बातम्यांसारखा बोललो. ‘आमची समृद्ध परंपरा’ वगैरे. पोरगी मात्र बापाकडून उचललेलं चक्क परभणीचं बोलत होती. गाडीवरून उतरताना धोतर सुटलं, ते सावरायला गेलो तर फेटा डोळ्यांवर आला. कॅमेरा चालूच.

तिनं सहज विचारलं, “आजोबा, पणजोबा असाच फेटा बांधायचे का?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी फेटा सोडला तो सोडलाच. सेलूच्या शिंप्याकडून काळा कोट शिवून घेतला आणि भर उन्हाळ्यातही तोच घातला. फेटा मिरवायचा तो दत्तरावांच्या आजोबांनी. त्यांची गाडी समोरून आली की लहानपणी वडिलांना चपला हातात घेऊन कडेला उभं राहावं लागायचं. आणि मी शहाणा त्याच घरच्या गाडीवर, त्याच घरचा फेटा बांधून बसलो होतो.

“न्हाई,” मी म्हणालो. “त्यांनी सोडला. नंतर आपल्या घरात कुणीच बांधला न्हाई.”

“मग तुमी का बांधला?”

मी फेटा उतरवून गाडीवर ठेवला. शरमेनं कानशिलं तापली.

ती परत गेल्यावर मी रोज फोन करून तेवढा तुकडा काढ म्हणून गळ घालू लागलो. वडिलांच्या कोटाची लाज घालवलीय मी, ते जगाला दाखवू नको, म्हणालो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आजोबा, शाळेत दरवर्षी मला साडी नेसवून स्टेजवर उभं करायचे. इंडियाचा नाच दाखव म्हणायचे. मला कुठं येतो? मोबाइलवर बघून कायबी करायची, अन् लोक टाळ्या वाजवायचे. वाटायचं, असलं खोटं मी एकटीच करायलेय. तुमाला फेट्यात बघितलं अन् लय बरं वाटलं.”

मला रडू आलं. निवृत्तीच्या सत्कारातही आलं नव्हतं.

“राहू दे मग,” मी म्हणालो. “धोतराचं तेवढं काप.”

“तेच तर सगळ्यात भारी हाय,” ती म्हणाली, आणि डिसेंबरात पुन्हा येते म्हणाली.

फेटा धुऊन दत्तरावांना परत केला. वडिलांचा कोट पेटीतून काढून उन्हात टाकलाय. धम्मशीलेला अगदी बसेल, असं कुसुमबाई म्हणतात. मी घालून पाहिला, पण पोटावरचं बटण काही लागत नाही.