बखीतच्या हातची धार

ओमानमध्ये सलालाहमागच्या डोंगरात गाई मासे खातात, हे रशीदनं पहिल्या सुट्टीत गावी, हर्णैला, सांगितलं तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पण त्याचं दुकान त्यावरच चालत होतं. उन्हाळ्यात डोंगर करपला की गुरांसाठी सुकवलेली तारली आणि गवताचे भारे तो पिकअपमधून वर पोचवायचा. दुकानाचा परवाना बखीतच्या नावावर होता, म्हणून बखीत त्याचा अर्बाब, म्हणजे मालक. अर्बाब म्हटलं की जो रुबाब डोळ्यांपुढे येतो, तो या माणसात औषधालाही नव्हता. रशीदनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कमरेचं वस्त्र गुडघ्यावर खोचून शेणात उभा असलेला.

वर गेलं की आधी दूध प्यावं लागे. बखीतची आई तफूल लाकडी वाडगं दोन्ही हातांनी रशीदपुढे धरायची. पाहुणा आधी, मग इतर, आणि घरधनी सगळ्यांत शेवटी. तळाशी उरलेलं बखीत पिऊन टाकायचा आणि मिशी पुसायचा.

बखीतचा बाप गेला तेव्हा बखीत सातएक वर्षांचा असेल. त्यांच्या घराण्यात बाईनं आचळाला हात लावायचा नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चारा घालावा, शेण काढावं, लोणी घुसळावं. धार मात्र पुरुषानंच काढायची. घरात पुरुष उरला होता तो हा एवढासा, आणि गोठा भरलेला. पोराची बोटं सुजायची, ते रडायचं. तफूल शेजारी बसून त्याची बोटं लोण्यानं चोळायची, पण आचळाला शिवायची नाही. एकदा चुलता मदतीला आला, तर तिनं त्याला दारातूनच परत लावलं. आमच्या घरात पुरुष आहे, म्हणाली.

रशीदला ही बाई कठोर वाटायची. बखीतला मात्र या गोष्टीचा फार अभिमान. गाईनं पान्हा सोडावा म्हणून तो तेव्हापासून एक सूर गुणगुणायचा, शब्द नसलेला, स्वतःचाच जुळवलेला. त्या सुराशिवाय त्याच्या गाई कासेला हात लावू द्यायच्या नाहीत.

पुढे तो गुरांच्या दवाखान्यात मदतनीस झाला. लस टोचायला वाडीवाडीवर फिरला. त्याला माणसं गुरांवरून ओळखू यायची. त्यामुळे नगर परिषदेच्या निवडणुकीला कुणाला उभं करायचं हे ठरवायला टोळीतले म्हातारे कॉफी घेऊन बसले, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही. तिथे खरी निवडणूक त्या बैठकीतच होते. मतं नंतर पडतात. आईनं एकच अट घातली. संध्याकाळची धार चुकवायची नाही. तो हसला. धार चुकवणारा मी वाटलो का तुला, म्हणाला.

बखीतला लोकांसाठी रस्ता हवा होता. पावसाळी धुक्यात त्या चढावर चिखल असा व्हायचा की अडलेली बाई खाली न्यायची तर देवाचं नाव घ्यावं लागे. त्यानं त्या रस्त्याचा ध्यासच घेतला. आज सलालाहला बैठक, उद्या मस्कतला, परवा कुणा साहेबाला जागा दाखवायची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं सगळ्या देशांत एकाच मातीची असतात. सुरुवातीला तो बैठक अर्ध्यावर सोडून गाईंसाठी पळायचा. मग उशीर होऊ लागला. अंधार पडून जाई, गाई हंबरत उभ्या असत, कासा दगडासारख्या होत. ज्यानं आख्ख्या डोंगराच्या गुरांना औषधं दिली, त्याच्याच गोठ्यात गाई आटू लागल्या.

थोरला मुलगा मस्कतला पोलिसात, धाकटा बंदरावर. दोघांनाही धार येत नव्हती. एक बंगाली गडी ठेवला, पण त्याला गाईंनी लाथा घातल्या. मग एकेक गाय विकली जाऊ लागली. ट्रक आला की तफूल बाहेर यायची, गाईच्या कपाळाला कपाळ लावायची आणि आत जायची. बखीतला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रशीदला फार वाटायचं.

रस्ता झाला. चांगला झाला. त्यावरून आधी चाऱ्याचे ट्रक वर गेले, मग घरोघरचं सामान खाली आलं. तरुण पोरं सलालाहच्या एसीत राहायला गेली आणि आजूबाजूचे गोठे ओस पडले. पण रस्ता देणाऱ्याला लोक विसरले नाहीत. दुसऱ्या खेपेला बखीत पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आला.

निकाल दुपारी लागला. बैठकांसाठी त्यानं सलालाहला घर घेतलं होतं, त्यापुढे गाड्यांची रांग लागली, मेजवानीची तयारी सुरू झाली. बखीतनं गर्दीतून रशीदला शोधून काढलं आणि पिकअप काढ म्हणाला. आईला आणायचं होतं. वाटेत तो पोरासारखा खुशीत होता.

"आज वेळेत पोचतोय बघ," तो म्हणाला. "राहिलेली एकुलती गाय. आज मी तिची धार काढणार."

ऊन अजून डोंगरावर होतं. गोठ्यापाशी पोचताच दोघांना सूर ऐकू आला. तोच, बखीतचा. तफूल गाईच्या कुशीला डोकं टेकून बसली होती, वाडगं मांड्यांत धरलेलं, आणि हात सराईत चालत होते.

बखीत दारातच थांबला. मग अस्तन्या वर करत पुढे झाला.

"आई, बाजूला सर. मी आलोय."

"झाली हिची," ती वर न बघता म्हणाली.

"कधीपासून काढतेस?"

"मागच्या पावसाळ्यातलं धुकं उतरलं तेव्हापासून."

"मला सांगायचंस तरी."

"तुला काय सांगायचं? घरात पुरुष नव्हता. गाय थांबते होय?"

ती रागानं बोलली नाही, हेच वाईट. बखीतनं वर केलेल्या अस्तन्या तशाच राहिल्या. खाली लोक वाट बघताहेत, तू हवीस, असं त्यानं कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, तू जा, माझी गाय आहे इथे.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. रशीदनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि भरलेलं वाडगं बखीतपुढे धरलं. आधी त्याच्यापुढे, दोन्ही हातांनी.

हर्णैला रशीद सुट्टीवर गेला की त्याची आई कपाटातली चांगली ताटं खाली काढायची, ते त्याला आठवलं.

बखीत वाडग्याकडे नुसता बघत राहिला. पाहुण्यानं दूध नाकारायचं नसतं. त्यानं ते घेतलं आणि तो प्यायला.