पात धुऱ्याला लागली की

दिवसभर राबणाऱ्या माणसाला व्यायामाची गरज नसते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मला एका पत्रकानं सांगितलं. नाचणगावच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा पुलगावला जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि कुठलीही सभा असो, येताना खिसाभर पत्रकं घेऊन यायचे. दारूबंदीची, जयंतीची, संपाची, पोलिओच्या डोसाची. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले आणि छापलेलं ते खरं, असं मानत वाढले. त्यातल्याच एकात ठळक अक्षरांत होतं की घाम गाळणाऱ्याला आखाडा लागत नाही, श्रम हाच त्याचा व्यायाम. नववीत असताना शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. मी ते वाक्य उचललं, त्याच्याभोवती भाषण रचलं आणि टेबलावर मूठ आपटून ठोकून दिलं. पहिला नंबर आला. पाहुणे म्हणून पुलगावचे एक दुकानदार आले होते. त्यांनी मला स्टीलचा डबा दिला आणि माइकवर म्हणाले, "या पोरीकडून शिका." आमच्या शिवारात त्यांची शेती होती. माझी माय त्यांच्याच शेतात निंदायला, म्हणजे गवत खुरपायला जायची.

त्या दिवसांत मायचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

हे मला दिसत होतं, म्हणून संताप येतो, आणि तो आधी माझ्यावरच येतो. रोज सकाळी ती माझ्यापुढे पाठ करून बसायची. "जराशी वेणी घालून दे वो." मी शाळेला उशीर होतो म्हणून करवादायची. ब्लाउजची बाही चढवताना ती भिंतीकडे तोंड करायची. विचारलं तर म्हणायची, "वात हाय. जाईन आपोआप." व्यासपीठावरून श्रमाचे गोडवे गाणाऱ्या मुलीला घरातला आखडलेला हात म्हणजे सकाळची कटकट वाटत होता.

एक दिवस चुलीवरून भाताचा गंज उतरवताना तिच्या हातून तो सुटला. भात सगळा शेणानं सारवलेल्या जमिनीवर. मग बाबांनी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेले. तिथं व्यायामाची एक वेगळी खोली होती आणि एक डॉक्टर बाई होत्या.

"काय काम करता?"

"वावरात जातो, निंदायले," माय म्हणाली.

"पण ती तर दिवसभर काम करते," मी मध्येच बोलले, भाषणाच्या सुरात. "मग हात आखडेल कसा?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खाली उकिडवी बस. निंदतात तशी. हात पुढे, जमिनीला लाव. हं, आता तशीच राहा." आणि त्या मायचा हात तपासू लागल्या. कितीतरी वेळ मी तशीच. "आता उठ," त्या म्हणाल्या, तेव्हा मला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून उठावं लागलं. "हे ती दिवसभर करते. गुडघे वाकलेले, पाठ वाकलेली, हात खाली. तो हात डोक्याच्या वर कधी जातो? काम शरीराला एकाच बाजूला ओढतं. दुसऱ्या बाजूला आपण ताणायचं असतं."

त्यांनी एक कागद दिला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वाकून हात सैल सोडायचा, त्यात पाण्याचा लोटा धरून हळूहळू झुलवायचा. पाठीमागे टॉवेल धरून एका हातानं दुसऱ्याला वर ओढायचं. आणि शेतात थोड्या थोड्या वेळानं उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून मागे वाकायचं, बोटं गुंतवून हात वर ताणायचे. ताण जाणवला की तिथंच थांबायचं, झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. प्रत्येक चित्रात चड्डी घातलेला एक धडधाकट माणूस होता.

"हा चड्डीवाला बुवा माह्या घरात कुठी लावू वो?" माय बसमध्ये इतकी हसली की तिला हात धरून बसावं लागलं.

तिनं तो दाराच्या मागे लावला. व्यायाम दार लोटूनच करायची. बाहेर दिसलं तर लोक म्हणतील, हिच्या अंगात कामातून ताकद उरते वाटते. दर रविवारी बोटं जिथवर पोचतील तिथं मी भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. रेघा चढू लागल्या. वीतभर, मग आणखी चार बोटं. प्रश्न शेतातला होता.

ज्यांनी निंदण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाया एका ओळीत बसतात. प्रत्येकीची एक पात, म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा. सगळ्या सोबत सरकतात. जी मागे पडते ती साऱ्या शिवाराला दिसते. आणि जी मध्येच उभी राहते, ती कामचोर. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

रविवार होता म्हणून मीही खुरपं घेऊन गेले होते. माझ्या एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला शेजारची मावशी. मालक, म्हणजे तेच डबा देणारे दुकानदार, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून उभे. माय उठली, कंबरेवर हात ठेवले, मागे वाकली.

"ओ बाई! काय पाहून राह्यली? बस आली का तुही?"

"कंबर सिधी करतो मालक. डाक्टरीन बाईनं सांगतलं."

"डाक्टरीन येते का इथं निंदायले?"

मावशीनं खुरप्यावरची नजर काढली नाही. "मालक, तुमी सकाळी पांढरे जोडे घालून मैदानात हात वर-खाली करता, थे कोणतं निंदण होय?"

सगळी ओळ खदखदली. पुलगावच्या मैदानावरचा त्यांचा तो सकाळचा व्यायाम आमच्या गावानं पाहिलेला होता. मालक लाल झाले. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि ते हसले.

"तुह्याच पोरीनं स्टेजवर सांगतलं ना, श्रम हाच व्यायाम? बक्षीस म्या देल्लं. विचार तिले. बोल वो पोरी!"

टेबलावर मूठ आपटणारी मी मान खाली घालून खुरपं चालवत राहिले. मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "लेकरू हाय मालक, वाचलं थे बोललं," ती म्हणाली आणि खाली बसली. संध्याकाळी निरोप आला, मायनं आणि मावशीनं उद्यापासून येऊ नये.

मालकांनी हात वर केले की प्रकृतीची काळजी. मायनं केले की हरामखोरी. दोन्ही हात माणसाचेच. आणि या अन्यायासाठी वापरलेलं वाक्य माझं होतं, मी घासून-पुसून त्यांच्या हातात दिलेलं.

त्याच आठवड्यात मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. सुरुवात अशी होती, "मी शाळेत खोटं बोलले." चड्डीवाल्याच्या जागी लुगड्यातल्या बाया काढल्या. बाबांनी झेरॉक्स आणल्या. मी त्या विहारात वाटल्या, हापशीवर वाटल्या. बायांनी त्यांत चण्याच्या पुड्या बांधल्या. अर्ध्याजणींना वाचता येत नव्हतं, हे मला सुचलंच नव्हतं.

"कागद ठेव बाजूले," मावशी म्हणाली. "उभी राह्य अन् करून दाखव." मी दाखवलं. तिनं पाहिलं, स्वतः करून पाहिलं, मग म्हणाली, "एकटी उभी राह्यली त मांगं पडते. सगळ्या उभ्या राह्यल्या त मांगं कोण पडन?"

मला जे छापून सुचलं नाही ते तिला न लिहिता सुचलं. पात धुऱ्याला लागली, म्हणजे पट्टा संपून बांध आला, की सगळ्यांनी एकदम उठायचं. आधी दुसऱ्यांच्या वावरांत हे सुरू झालं. पुढच्या पावसाळ्यात त्या मालकाच्या शेतात गवत पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडांच्या वर गेलं आणि त्यांना सगळ्या बाया बोलवाव्या लागल्या, मायला आणि मावशीलाही. पात धुऱ्याला लागली. बारा-पंधरा बाया उभ्या राहिल्या, बोटं गुंतवली आणि हात वर केले. "हे काय नाटक हाय?" मालक ओरडले. बायांनी हात तसेच वर ठेवले. साऱ्या ओळीला घरी पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

याला विजय म्हणू नका. मायचा हात कानापर्यंत आला आणि तिथंच थांबला. भिंतीवरच्या शेवटच्या तीन रेघा एकावर एक आहेत. "आधी आणलं असतं तर," डॉक्टर बाई म्हणाल्या. ते आधीचे महिने मी भाषण पाठ करण्यात घालवले होते.

आता घरोघरी टीव्हीवर सकाळी आसनं लागतात. पेपरच्या पुरवणीत खुर्चीवर बसणाऱ्यांनी मान कशी वळवावी, पिंढऱ्या कशा ताणाव्या, याची रंगीत चित्रं येतात. येऊ द्या, खुर्चीवरच्या माणसाचीही मान दुखते. पण उकिडवं बसणारीसाठी एक चित्र मी अजून पाहिलेलं नाही. तिचं शरीर म्हणे कामानंच तंदुरुस्त राहतं. हे छापणाऱ्यांना माझ्यासारखंच एकदा उकिडवं बसवून ठेवलं पाहिजे.

तुमच्याकडे वावर असेल, किंवा तुम्ही कुणाच्या वावरात जात असाल, तर या हंगामात एवढं करा. पात धुऱ्याला लागली की सगळ्यांना उभं राहायला मोठ्यानं सांगा. कंबरेवर हात ठेवून मागे वाका, हात वर ताणा, पाय मागे टाकून पिंढरी ताणा, खांदे फिरवा. घाई करू नका. आणि एखादीचा हात वर जात नसेल, तर तिला निंदण संपेपर्यंत थांबवू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.