चेअरमननी शेडला कुलूप आणलं

बातमीला कात्री लागते, किश्श्याला नाही. म्हणून बातमीदार म्हातारा होईपर्यंत त्याच्याकडे किस्सेच साचतात. माझ्याकडचे निम्मे पाथर्डीकडच्या एका शाळेतल्या पत्र्याच्या शेडमधले. तिथं नववी-दहावीच्या पोरापोरींना वायरिंग, वेल्डिंग, सुतारकाम शिकवतात. आणि संस्थेच्या चेअरमनना ती शेड बंद करून जादा तास भरवायचे होते! मी पेपरात भांडलो, तोंडावर भांडलो.

"पत्रकार, तुमचा मुलगा वेल्डर आहे का?"

"नाही ना! म्हणून तर घरचं गेट वर्षभर लोंबकळतंय!"

*

पालकसभेत चेअरमन गरजले, "हातकामाला शाळा कशाला? आपली पोरं साहेब झाली पाहिजेत!"

मागून द्वारकाबाई उठली. दरसाल ऊसतोडीला जाणारी. "व्हऊ द्या की! पर साहेबाचा पंखा बसवाया कुनी लागंलच ना? आन् कोयता आमी घरीच शिकवतो, त्याला शाळा लागत न्हाई!"

*

पोरांनी शाळेची घंटा इलेक्ट्रिक केली. टायमरही त्यांनीच लावला. गणिताचे सर खूश! "हल्ली तास कधी संपतो कळतच नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ पाहिलं, तेव्हा कळलं. गणिताचा तास आखडला होता आणि तेवढाच शेडचा वाढला होता! बाई भडकल्या. शेडमध्ये शिकवणारे गर्जे सर शांतपणे म्हणाले, "जोडणी मात्र बरोबर हाय, बाई."

*

चेअरमनच्या घरचा मिक्सर बंद पडला. वहिनींनी तो गुपचूप शेडमध्ये धाडला. द्वारकाबाईच्या सीमानं दुरुस्त करून दिला. रात्री चटणी चाटत चेअरमन शेडवर घसरले.

वहिनी म्हणाल्या, "लावा की कुलूप! उद्यापासून चटणी पाट्यावर. आणि वाटायची तुम्ही!"

*

तरी एका सोमवारी चेअरमन कुलूप घेऊन आलेच. मागोमाग मी, भांडायच्या तयारीनं.

शेडपाशी पोचलो तर चौकट मोकळी! दार अंगणात आडवं, भोवती सगळा वर्ग, बिजागऱ्या ताटलीत.

"हे काय चाललंय?"

"बिजागरीचं प्रॅक्टिकल, साहेब," सीमा म्हणाली.

चेअरमननी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "बरं. आता बसवा दार परत."

सीमानं गर्जे सरांकडं पाहिलं. सर आभाळाकडं बघत होते.

"न्हाई जमायचं, साहेब. आमी काढायचं शिकलो. बसवायचं पुढच्या वर्षी हाय!"