समिती जेवायला थांबली

रोज सकाळी चहाआधी ती स्वयंपाकघरातला नळ उघडायची आणि त्याला कान लावायची. आतून नुसती हवा फुसफुसली की म्हणायची, "बोलला! थेट आमच्या संचालकांसारखा." मग साठवणीच्या पाण्याचा चहा टाकायची.

ती शहरातल्या जलसंशोधन संस्थेत पाहणी विभाग सांभाळायची. कुणाकडे पाणी किती वेळ येतं, ते कोण भरतं, भांडणं कशावरून होतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. वस्तीत तिला चौकशीबाई म्हणत, अगदी तोंडावर.

"काय चौकशीबाई, आज कुणाच्या पिंपात नाक खुपसलं?" शेजारीण विचारायची.

"तुझ्याच. गाळ काढ जरा."

टेकडीवरच्या या तिच्याच वस्तीला नवी जलवाहिनी द्यायची की नाही, हे ठरवायला समिती यायची ठरली, तेव्हा मात्र तिची झोप उडाली. अहवालात तिने स्पष्ट लिहिलं होतं: पाणी दिवसाआड, तेही जेमतेम तासभर. पण पाणी खात्याला आपली अब्रू झाकायची होती. समिती यायच्या सकाळी त्यांनी खालच्या शहराचं पाणी बंद करून सगळं वर सोडलं. नळ असे धो धो वाहू लागले, की शेजारणीने आनंदाच्या भरात धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला काढल्या.

समितीच्या अध्यक्षांनी चौकशीबाईंच्या घरच्या नळाखाली हात धरला. "बाई, तुमचा अहवाल एक सांगतो आणि नळ दुसरंच. मी विश्वास कुणावर ठेवू?"

"नळावरच ठेवा. पण जेवून जा. एवढं चढून आलात."

आत सून हादरली. "अहो आई, घरात आहे काय?"

"मिरच्या आहेत ना? मग झालं तर. आणि संडासातलं पिंप मागे ने. बादली उपडी घाल."

"पाहुण्यांची फजिती होईल हो!"

"आपली रोज होते. त्यांची एकदा होऊ दे."

खालच्या शहराला दुपारपर्यंत कोरडं ठेवायची खात्याची छाती नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अध्यक्ष घाम पुसत जेवले, दोनदा मागून घेतलं, आणि थोड्या वेळाने चेहरा गंभीर करून लगबगीने संडासाकडे गेले. तोवर नळ गेला होता.

"बाई! अहो बाई! इथे पाणी नाही!"

ती पेन घेऊन दाराबाहेर उभी राहिली. "कधीपासून नाही?"

"आत्तापासून!"

"साठवणीची काही सोय?"

"काहीही नाही! बादली द्या आधी!"

"देते हो. पाणी आणायला घरातलं कोण जातं, पुरुष की बाई?"

आतून पडलेला आवाज आला, "बाई."

तिने तेवढं टिपून घेतलं आणि सुनेला बादली आणायला सांगितली.

अध्यक्षांनी कुणाच्याही नजरेला नजर न देता शिफारस लिहिली. जलवाहिनीच्या उद्घाटनाला फीत कुणी कापायची यावर पुढे बरीच हाणामारी झाली, पण पाणी आलं, आणि येत राहिलं. संचालकांनी मोठ्या परिषदेत या प्रकाराला 'सहभागी संशोधनपद्धती' म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. चौकशीबाई मागच्या रांगेत बसून पोट धरून हसल्या.

निवृत्तीनंतर तिला फारसं आयुष्य मिळालं नाही. शेवटच्या सकाळी ती पलंगावर पेपर वाचत बसली होती. सून टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी घुटमळली, तशी मान वर न करता म्हणाली, "तू घे आधी आंघोळ. नळ आता कुठे जात नाही, आणि मला काही घाई नाही."