कोकिळाची बास गिटार

एरंडोलला ब्लाउज शिवणाऱ्या कोकिळाने दोन वर्षं मोबाईलवर बघून बास गिटार घोटली. अंगठ्याने तार ठोकायची, डिस्कोच्या तालावर खालच्या सुरावरून वरच्यावर उडी मारायची, यात तिची बोटं सोलून निघाली.

पारोळ्याच्या ऑर्केस्ट्राने पोस्टरवर तिचा फोटो छापला; पण ती पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली, तर तिच्या गिटारचा आवाजच बंद. बासचे सूर कीबोर्डवालाच वाजवत होता.

"प्रेमराजभाऊ, हाई काय शे?" तिने मालकाला विचारलं.

"ताई, तू नुसती उभी ऱ्हाय. बाई दिसनी का गर्दी व्हस."

तिचं डोकं भणाणलं. साउंडवाल्याच्या टेबलाशी जाऊन तिने स्वतःच गिटारचा आवाज वाढवला आणि पुढचं गाणं दणकावलं. लोक नाचायला उठले. तिला नुसतं उभं राहायला सांगणारा प्रेमराजही टाळ्या पिटू लागला, ते पाहून ती आणखीच संतापली. कार्यक्रम संपताच ती म्हणाली, "पोस्टरवरचा माझा फोटो काढून टाक. मी परत येणार नाही."