फक्कीचा खोकला

शाळेच्या मैदानावर रेघ मारताना रेघकाका कधी खाली बघत नसत. खिळ्याने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्याला बांधलेली काठी, डब्यात पांढरी फक्की आणि मैदानाच्या त्या टोकाला ठोकलेली एक खुंटी, एवढाच त्यांचा सरंजाम. नजर खुंटीवर ठेवायची आणि काठीला हलके झटके देत चालत सुटायचं. मागे पांढरीशुभ्र रेघ उमटत जायची, ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ. नवीन आलेले खेळाचे सर एकदा म्हणाले, "काका, जरा रेघेकडे तरी बघा!" तर काका म्हणाले, "बघितलं की ती लाजते, सर. मग वाकडी चालते."

एकतीस वर्षं हे चाललं होतं. नेमणूक शिपायाची, घंटा, बाकं, पाण्याची टाकी, सगळं त्यांच्याकडेच. पण जीव मैदानात. वळणावर कुठल्या लेनची सुरुवात किती पुढे घ्यायची, ते सगळं त्यांच्या एका गाठी मारलेल्या दोरीत होतं. त्या दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. स्पर्धा जवळ आल्या की आठवडाभर फक्की उडायची, काकांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि त्यांना खोकला लागायचा. कोरडा, अगदी खोलवरून येणारा. स्पर्धा आटोपल्या की खोकलाही आटोपायचा.

हे धाकटीला ठाऊक होतं. ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. आता पंचेचाळिशीला आली, थोरल्या जाऊबाई केव्हाच परगावी राहायला गेल्या, तरी सासूबाईंच्या तोंडी नाव तेच राहिलं. सकाळी देवापुढे बसल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे. मुलगी दहावीत, धावण्यात पटाईत, म्हणून घरीदारी तिला 'खार' म्हणत. तीन वर्षांपूर्वी खारीचा गुडघा फुटला तेव्हा तिला न्यायला धाकटी शाळेत गेली होती. पायरीवर काका खोकत बसले होते. तिने आपल्या बाटलीतलं कोमट पाणी त्यांना दिलं आणि विचारलं, "काही औषध घेता की नाही?"

"अहो वहिनी, हा फक्कीचा खोकला. फक्की बंद, खोकला बंद. एवढ्या वर्षांत माझ्या आतसुद्धा एक धावपट्टी आखून झाली असेल!" असं म्हणून ते हसले होते, आणि तीही.

मग साथ आली. दोन वर्षं मैदानावर गवत माजलं. शाळा अर्ध्यामुर्ध्या वर्गांनी पुन्हा सुरू झाली आणि प्रश्न निघाला की यंदा स्पर्धा घ्यायच्या की नाहीत? पालकांची सभा ठरली.

खारीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. सभेला निघताना ती दारात आडवी आली. "आई, बाजूने बोलू नकोस, चालेल. पण निदान विरोधात तरी बोलू नकोस हं."

"मी कुठे बोलते कधी चार माणसांत!" धाकटी म्हणाली. आणि ते खरंच होतं.

पण आतल्या खोलीत सासूबाई होत्या. वय ब्याऐंशी, आदल्या वर्षी याच आजाराने मरणाच्या दारातून परत आलेल्या. जिना चढताना अजून दर तिसऱ्या पायरीला थांबायच्या. पोरगी चारशे मुलांत धावून घरी येणार आणि आजीच्या कुशीत शिरणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की धाकटीचा जप मध्येच तुटायचा.

सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, खुर्च्या हातभर अंतरावर, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या मधोमध बसल्या होत्या. खेळाचे सर म्हणाले, "मुलं घरी बसून उशांसारखी झालीत. दोन फेऱ्यांत धापा टाकतात." एका मुलाचे वडील वकील होते, ते त्यांच्या बाजूने. "मोकळं मैदान आहे, ऊन आहे. बाजारात चालतात, लग्नात चालतात, मग मैदानातच काय नडतं?" औषधांच्या दुकानवाले म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्या दुकानापुढची रांग बघून जा एकदा, मग बोला." त्यावर कुणी हसलं, कुणी चिडलं. हात वर करून मतं घ्यायची वेळ आली आणि बहुतेक जण सरांच्या बाजूने झुकलेले दिसले.

तेव्हा धाकटी उभी राहिली. घरी म्हातारं माणूस आहे, एवढंच ती तीनतीनदा म्हणाली.

"वहिनी, तुमची काळजी समजते," वकील मऊपणे म्हणाले, "पण भीती हा काही मुद्दा होत नाही. आपल्या शाळेत आज आजार आहे, असं काही तुमच्याकडे आहे का? असेल तर सांगा."

तिच्याकडे काही नव्हतं. एवढ्या लोकांत उभी राहिले आणि आता मुकाट्याने खाली बसायचं? तेवढ्यात मागे, दाराशी खुर्च्या लावणारे रेघकाका खोकले. आठ दिवसांपासून सर त्यांच्याकडून गवत काढून मैदान आखून घेत होते. झाल्याच स्पर्धा तर तयारी असावी म्हणून.

धाकटीचा हात वर गेला, बोट दाराकडे झालं. "हे काय? आठवडाभर असेच खोकतायत, मुलांमध्ये वावरतायत. अजून काय सांगू?"

खुर्च्या करकरल्या. काकांच्या जवळचे लोक उठून दुसरीकडे गेले. काका म्हणाले, "अहो, हा फक्कीचा..." आणि पुन्हा ढास लागली. पुढचं कुणी ऐकलंच नाही. त्यांनी एकदा धाकटीकडे बघितलं. रागाने नाही. ती काहीतरी म्हणेल, अशी वाट बघितल्यासारखं बघितलं. तिने नजर जमिनीला लावली. मोठ्या बाईंनी त्यांना पंधरा दिवस घरी राहायला सांगितलं आणि ते हातातली खुर्ची तिथेच ठेवून निघून गेले.

मग वकील म्हणाले, "चला, वहिनींनी बरं लक्षात आणून दिलं. धोका होता तो गेला. आता तर स्पर्धा घ्यायला काहीच हरकत नाही."

हात वर झाले. स्पर्धा ठरल्या.

घरी आल्यावर खारीने विचारलं, "काकांचं नाव तूच घेतलंस ना?" बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. धाकटी म्हणाली, "आजीसाठी बोलले गं." खार म्हणाली, "आजीला सांगू का मग?" आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी देवापुढे बसली. डोळे मिटले की समोर दारातले काका. ती उठली आणि चहा करून प्यायली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने पूजेआधी चहा घेतला.

स्पर्धेच्या दिवशी मैदान बघून लोक हसत होते. सरांनी स्वतः फक्की मारली होती. रेघा अशा, की कुणी चालता चालता पेंगलं असावं. दोनशे मीटरला खार सगळ्यांत बाहेरच्या लेनमध्ये होती आणि दणदणीत फरकाने पहिली आली. टाळ्या झाल्या, गळ्यात पदक पडलं. ती थेट आईकडे आली. पदक काढून तिने आईच्या हातात ठेवलं.

"माझ्या लेनच्या सुरुवातीची काकांची खूण टाकीच्या अलीकडे असायची. सरांनी टाकीच्या पलीकडे मारली. मी कमी धावले, आई. सरांना सांगितलं तर म्हणाले, आता कुठे परत पळवायचं सगळ्यांना!" मग म्हणाली, "हे तूच ठेव."

पंधरा दिवस झाले, महिना झाला. शाळेत घंटा दुसरंच कुणी वाजवत होतं. शेवटी धाकटी पत्ता विचारत काकांच्या घरी गेली. एका लांबलचक चाळीवजा इमारतीतली शेवटची खोली. दार काकांनीच उघडलं आणि तिला बघताच आधी दोन पावलं मागे सरले, नाकाला पंचा लावला. "लांबच थांबा वहिनी. तुमच्या घरी सासूबाई आहेत."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

काकी, म्हणजे काकांची बायको, आतून बाहेर आल्या. त्यांनी काही तोंडाला लावलं नव्हतं. "त्यांना काही झालेलं नाही. चौथ्याच दिवशी तपासून आले, रिपोर्ट घेऊन शाळेत गेले. फाटकावरच्या माणसाने रिपोर्टवर सॅनिटायझर फवारलं, अक्षरं सगळी पसरली. म्हणाला, वाचता येत नाही. इथे आमच्या नळावर बायका मला शेवटी पाणी भरायला लावतात. शाळेतूनच काढलंय म्हटल्यावर कोण ऐकणार?"

"जाऊ दे गं," काका म्हणाले. मग धाकटीकडे वळून, जणू तिलाच धीर द्यावा तसे, "बघा, खोकला गेला. फक्की सुटली ना."

"मला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत. पायरीवर. बोट दाखवलं तेव्हासुद्धा मला ठाऊक होतं. माफ करा मला."

काका पंच्याची घडी घालत राहिले. घडी झाल्यावर ती मोडून पुन्हा घातली.

काकीच बोलल्या. "इथे कशाला सांगता, बाई? इथे आम्ही दोघंच आहोत, आणि आम्हाला ते आधीच माहीत आहे. जिथे बोललात, तिथे बोला."

पुढची सभा परीक्षेच्या तारखांसाठी होती. धाकटी तीन रात्री मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. उभी राहिली तेव्हा त्यातलं सगळ्यांत गुळगुळीत वाक्यच आधी बाहेर आलं, "मागच्या वेळी माझा जरा गैरसमज झाला होता..."

"होतं असं, वहिनी," वकील लगेच म्हणाले. "सगळेच घाबरलेले होतो." दोघीतिघी बायकांनी माना हलवल्या. इथेच बसून टाकलं असतं तर सगळं सुखाने मिटलं असतं. कुणीतरी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा जरा पुढे सरकवली.

ती बसली नाही. "नाही. गैरसमज नव्हता. तो खोकला फक्कीचा आहे, मला माहीत होतं. माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी माणूस पुढे केला. त्यांना परत बोलवा."

आता मात्र कुणी मान हलवली नाही. औषधांच्या दुकानवाल्यांनी तिच्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर नजर वळवली. मोठ्या बाई कागद चाळत म्हणाल्या, "अहो, आम्ही पंधराच दिवस सांगितले होते. मग बोलवायचं... राहूनच गेलं." बाकीचं त्या कागदांकडे बघूनच बोलल्या. सोमवारपासून येऊ देत, म्हणाल्या. सभा परीक्षेच्या तारखांकडे वळली. निघताना फाटकापर्यंत धाकटीबरोबर कुणी चाललं नाही.

रात्री तिने ते घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या नावाने केलंस होय!" एवढंच. खारीने ताट वाढून आईपुढे ठेवलं.

पुढच्या वर्षी मैदान पुन्हा आखलं जात होतं. खार कॉलेजात गेली होती. तिचा शाळेचा दाखला न्यायला धाकटी आली होती. दाखल्यावर सही व्हायची होती, म्हणून ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. पिशवीत कोमट पाण्याची बाटली होती. ती मुद्दाम आणली होती, की नेहमीचीच होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लांबून रेघकाका येत होते. तोंडावर ओला पंचा बांधलेला, नजर खुंटीवर, काठीला हलके झटके. रेघ जवळ जवळ येत गेली. तिने बाटली पिशवीतून अर्धी बाहेर काढली.

काका तिच्यापाशी थांबले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही, पायांकडे बघितलं.

"वहिनी, रेघेवर उभ्या आहात. जरा मागे व्हा."

ती मागे झाली. डबा हलला. तिच्या पावलांच्या खुणांवरून फक्की सांडत पुढे गेली. थोडं अंतर गेल्यावर काका पंच्याआड एकदा खोकले. तिने बाटली पुन्हा पिशवीत ठेवली आणि सही झाली का ते बघायला ऑफिसकडे वळली.