शेवंतीला पेंडीचं पाणी

आमच्या पिंपरीच्या चाळीत शेजारी एक गृहस्थ होते, दुष्काळात मराठवाड्यातून येऊन कंपनीत लागलेले. शिफ्टवरून आले की बूटही न काढता दारातल्या शेवंतीला शेणखत घालायचे, वर पेंडीचं पाणी. झाड कमरेला लागलं, पण कळी म्हणून नाही. त्यांना तर गेलेल्या पोरीच्या तिथीला घरचंच फूल वाहायचं होतं.

शेवटी मीच म्हटलं, "अहो भाऊ, ह्या जेवणावळी पुरे करा की! नुसती पानं सुटलीत. जरा उपाशी ठेवा, मग बघा कशी फुलते."

ते हसले नाहीत. "पोरगी उपाशीच गेली माझी, आक्का. आता ह्या दारात कुणाला न्हाई ठेवणार."

तिथीला त्यांनी बाजारातून फुलं आणली, देवळीत वाहिली आणि बाहेर येऊन कुंडीत पेंडीचं पाणी ओतलं.